काराकोरम : तिथे बघायला काय आहे?

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा आवरता घेतला आहे. बोलण्याची ढब मात्र तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, पण सलग अर्धा तास कुणी माझं ऐकून घेतल्याचं आठवत नाही. काउंटरवर गिऱ्हाईक बोलायचं, केबिनमध्ये साहेब बोलायचे आणि घरी... असो. सौ. समोरच बसली आहे.

आधी एक खुलासा. आम्ही काराकोरमला जाऊन आलो हे कळल्यावर 'ए' विंगमधल्या एका मित्राने लिफ्टमध्ये मला विचारलं, "या वयात सियाचीनला? परवानगी कशी मिळाली?" तर मंडळी, तो काराकोरम पर्वत वेगळा, लडाखच्या उत्तरेचा. मी बोलणार आहे ते काराकोरम शहर मंगोलियात आहे. दोन्ही नावांचा अर्थ साधारण एकच, काळे दगड, काळी खडी. शहराच्या जागी आज जे छोटं गाव आहे त्याला खारखोरिन म्हणतात. साडेसातशे वर्षांपूर्वी मात्र तिथून सुटलेला हुकूम चीनपासून रशियापर्यंत चालायचा.

या शहराची आणि माझी पहिली गाठ पडली ती नोटेवर. उलानबातरला उतरल्यावर पैसे बदलून घेतले. तिथल्या चलनाला तुग्रिक म्हणतात. पाच हजारांची नोट म्हणजे आपले शे-सव्वाशे रुपये. हातात नोट आली की उलटसुलट करून बघायची, ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. पुढच्या बाजूला चंगीजखान आणि मागच्या बाजूला एक विचित्र झाड. कारंजं म्हणावं तर झाड, झाड म्हणावं तर कारंजं. आमच्या गाईड मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "हे काराकोरमच्या राजवाड्यातलं चांदीचं झाड. परवा आपण तिथे जाणार आहोत." मी विचारलं, "झाड बघायला मिळेल?" ती हसली. म्हणाली, "नाही. झाडही नाही आणि राजवाडाही नाही."

आमच्या चिरंजीवांचंही हेच म्हणणं होतं. ते टोरांटोला असतात हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही बँकेतले तीन जुने सहकारी आपापल्या सौभाग्यवतींसह मंगोलियाला निघालोय म्हटल्यावर फोनवर म्हणाला, "बाबा, तेवढ्या पैशात इथे या ना. तिथे बघायला काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. आजचं भाषण म्हणजे ते उत्तर समजा.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. उलानबातर या नावाचा अर्थ लाल वीर. 'उलान' म्हणजे लाल, आणि 'बातर' हा आपल्या 'बहादूर'चा सख्खा भाऊ. म्हणजे राजधानीचं नाव झालं लाल बहादूर! 'मोगल' हा शब्दही मंगोलचंच फारसी रूप. बाबर आईकडून चंगीजखानाच्या वंशातला. आणखी एक गंमत ऐका. मंगोल भाषेत मंगळाला अंगारग म्हणतात, बुधाला बुद, शुक्राला सुगर, शनीला सांचिर, आणि गुरूला बार्हसबदी, म्हणजे आपला बृहस्पती. बौद्ध ग्रंथांबरोबर ही संस्कृत नावं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. अंगारकीचा उपास धरणाऱ्या आमच्या हिला हे ऐकून इतका आनंद झाला, की गाईड मुलीला तिने जवळची शेंगदाण्याची चिक्की देऊन टाकली.

उलानबातरहून खारखोरिन सुमारे ३६० किलोमीटर. सकाळी निघालो, पोचायला संध्याकाळ झाली. दोन्ही बाजूंना नुसतं गवत. झाड नाही, कुंपण नाही, जाहिरातीचा फलक नाही. घोड्यांचे कळप, मेंढ्या, आणि मधूनच एखादा पांढरा गोल तंबू. लाकडी सांगाड्यावर लोकरीचा नमदा गुंडाळलेल्या या तंबूला ते 'गेर' म्हणतात. जेवणात मांस हेच मुख्य, त्यामुळे शाकाहारी मंडळींचे हाल झाले. मेतकूट-भात आणि थालिपिठाची भाजणी यांनी अब्रू राखली. चहात साखरेऐवजी मीठ. घोडीच्या आंबवलेल्या दुधाला आयराग म्हणतात. सौ.ने एक घोट घेऊन सांगितलं, "ताक आहे, पण शहाण्या माणसाने दुसरा पेला घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाजवळच्या टेकडीवर गेलो. वर साम्राज्याच्या नकाशांचं मोठं स्मारक आहे. हूण, तुर्क आणि मंगोल अशा तीन काळांत या भूमीवरून केवढी राज्यं झाली ते रंगीत खड्यांच्या भिंतींवर दाखवलं आहे. भिंतीवर अर्धं जग. मग मान वळवून खाली बघितलं. ओरखोन नदीचं पात्र, बैठ्या घरांचं गाव, पांढऱ्या भिंतीच्या चौकोनात एक मठ, आणि मठाशेजारी मोकळं गवताळ मैदान. त्या मैदानाकडे बोट दाखवून गाईड मुलगी म्हणाली, "काराकोरम."

आम्ही सहा जण गप्प. मग सौ. हळूच म्हणाली, "अहो, हंपीला निदान खांब तरी होते."

खाली उतरून मैदानात गेलो. गवतात कुठे कुठे उंचवटे, खणून झाकलेल्या जागा, आणि एका ठिकाणी मोठ्या इमारतीचा चौथरा. मठाच्या भिंतीबाहेर मात्र एक दगडी कासव आहे. चांगलं मोठं, मान पुढे काढून बसलेलं, पाठीवर एक खाच. त्या खाचेत पूर्वी शिलालेखाची उभी शिळा बसवलेली असायची. शिळा गेली, कासव राहिलं. आपल्याकडे महादेवाच्या देवळात नंदीपुढे कासव असतं. हे कासव त्या परंपरेतलं नव्हे, शिलालेखाला कासवाची बैठक देण्याची रीत चीनकडची. पण सौ.ने ते काही ऐकलं नाही. चपला काढल्या आणि नमस्कार केला.

त्या कासवाजवळ बसून गाईड मुलीने आम्हाला शहर सांगितलं. तिने सांगितलेलं, तिथल्या संग्रहालयात शहराची प्रतिकृती बघून समजलेलं आणि परत आल्यावर मी वाचलेलं, असं सगळं एकत्र करून तुमच्यापुढे ठेवतो.

चंगीजखानाने १२२० साली ही जागा ठरवली असं मानतात. तो वारला १२२७ मध्ये. त्याचा मुलगा ओगेदेई याने १२३५ साली तटबंदी घातली आणि राजवाडा बांधला. विचार करा, ज्या लोकांच्या सात पिढ्यांनी भिंत बांधली नाही, उन्हाळ्यात एका कुरणावर आणि हिवाळ्यात दुसऱ्यावर असा ज्यांचा संसार, त्यांना शहर कशाला लागलं? उत्तर सोपं आहे. राज्य घोड्यावर बसून जिंकता येतं, पण हिशेब घोड्यावर बसून ठेवता येत नाही. करवसुली आली, खजिना आला, कारकून आले, दुभाषे आले. थोडक्यात, हेड ऑफिस लागलं!

हे शहर बघून लिहिणारा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे विल्यम नावाचा एक ख्रिस्ती साधू. फ्रान्सच्या राजाचं पत्र घेऊन १२५३ मध्ये निघाला आणि १२५४ च्या वसंत ऋतूत काराकोरमला पोचला. तेव्हा चंगीजचा नातू मोंगके गादीवर होता. हा विल्यम म्हणजे कडक ऑडिटर. त्याने स्पष्ट लिहिलंय, की खानाचा राजवाडा सोडला तर हे शहर पॅरिसजवळच्या सां-दनी या गावाइतकंही चांगलं नाही. शहराला चार दरवाजे. पूर्वेकडच्या दरवाजाशी बाजरीसारखं धान्य विकायचे, तेही क्वचितच येई. पश्चिमेला मेंढ्या-बकऱ्या, दक्षिणेला बैल आणि गाड्या, उत्तरेला घोडे. आत दोन मोहल्ले. एक मुसलमान व्यापाऱ्यांचा, त्यात बाजार. दुसरा चिनी कारागिरांचा. आणि वेगवेगळ्या लोकांची बारा मंदिरं, दोन मशिदी, एक चर्च. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या गावात!

१२५४ मध्येच मोंगकेने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध अशा तिन्ही पक्षांची जाहीर वादसभा घेतली. तिन्ही धर्मांचा एकेक पंच नेमला. नियम एकच, प्रतिपक्षाला लागेल असं कुणी बोलायचं नाही. बोलेल त्याला देहदंड. विल्यम स्वतः त्या सभेत बोलला. शेवटी निकाल काही लागला नाही आणि सगळे मिळून भरपूर प्यायले. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला असा नियम लावावा का, हे मी कमिटीवर सोडतो. पुढे मोंगकेने विल्यमला आपलं मत सांगितलं. त्याचा मथितार्थ असा, की देवाने हाताला जशी वेगवेगळी बोटं दिली तशा माणसांना वेगवेगळ्या वाटा दिल्या.

आता ते नोटेवरचं झाड. राजवाड्याच्या प्रवेशाशी चांदीचं मोठं झाड उभं केलं होतं. पायथ्याशी चार चांदीचे सिंह, त्यांच्या तोंडातून घोडीचं दूध. वर फांद्यांतून आलेल्या चार नळ्यांतून चार पेयं, द्राक्षाची दारू, आयराग, मधाचं पेय आणि तांदळाची दारू. शेंड्यावर तुतारी घेतलेला देवदूत. पेय संपलं की प्रमुख वाढपी ओरडायचा आणि देवदूत तुतारी फुंकायचा. आधी ही तुतारी भात्याने वाजवायची योजना होती, पण हवा पुरेना. मग झाडाखाली पोकळी करून त्यात एक माणूस बसवला! यांत्रिकीकरण झालं असं वरती कळवायचं आणि आत माणूस बसवायचा, हा प्रकार आम्ही बँकेत संगणक आले तेव्हा पाहिलेला आहे.

पण हे झाड केलं कुणी? गीयोम बुशे नावाच्या पॅरिसच्या सोनाराने. हंगेरीवरच्या स्वारीत मंगोलांनी त्याला पकडून आणलं होतं. विल्यमला पाकेत नावाची एक बाईही भेटली. लोरेन प्रांतातली, तीही हंगेरीत पकडलेली. एका रशियन सुताराशी लग्न झालेलं, तीन लहान मुलगे. घरापासून हजारो मैलांवर आपल्या मुलखातला माणूस बघून तिने विल्यमला जमेल तसं चांगलंचुंगलं खाऊ घातलं. मंडळी, हे शहर अशा उचलून आणलेल्या माणसांनी उभं केलं. त्याच्या खजिन्यात कीव्हची, पुढे बगदादची लूट आली. तिथली सहिष्णुता खरी आणि रक्तपातही खरा. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू वाचायला हव्यात.

ताळेबंदावरून आठवलं. मोंगकेच्या आधीचा खान गुयुक याने व्यापाऱ्यांकडून उधारीवर प्रचंड खरेदी केली आणि १२४८ मध्ये तो वारला. त्याच्या मागे घरच्यांनीही उधारी चालू ठेवली. थकबाकी पाच लाख चांदीच्या बालिशांवर गेली. बालिश म्हणजे चांदीची लगड. दरबारी मंडळींनी मोंगकेला सल्ला दिला, की आधीच्या खानाचं कर्ज आपण फेडायचं काही कारण नाही. मोंगकेने ते फेडलं. जुवैनी हा इराणी इतिहासकार त्याच सुमारास काराकोरमला होता, त्याने हे मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय. तो मंगोलांच्या नोकरीत होता, म्हणून कौतुकातून थोडी सूट वजा करा. तरीही माणूस गेला म्हणून त्याची देणी गेली नाहीत, हा हिशेब मला फार आवडला. पत म्हणतात ती हीच.

एवढं सगळं असलेलं शहर मग गेलं कसं?

इराणी इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो, की काराकोरमला रोज पाचशे गाड्या खाण्यापिण्याचं सामान घेऊन यायच्या. थोरल्या गाड्यांना सहा-सहा बैल. कारण त्या थंड माळावर गवत पिकतं, धान्य फारसं पिकत नाही. दूध-मांस आसपास मिळे, पण राजधानीला ते पुरेना. धान्य आणि दारू मुख्यतः चीनकडून यायची.

१२५९ साली मोंगके मोहिमेवर असताना वारला. पाठच्या भावांपैकी दोघं पुढे आले. कुबलाई चीनच्या बाजूला, आरिक बोके इकडे मायदेशी काराकोरमला. १२६० मध्ये दोघांनीही आपापल्या सभा भरवल्या आणि दोघेही खान झाले. कुबलाईने काय केलं? चीनकडून येणाऱ्या गाड्या बंद केल्या. बस्स. शहरात धान्याचे भाव भडकले, दुष्काळ पडला. आरिक बोकेने दुसऱ्या प्रांतातून धान्य मागवायची व्यवस्था केली, तर तिथला माणूसही उलटला. १२६४ मध्ये आरिक बोके शरण आला. कुबलाईने राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी नेली. काराकोरम तालुक्याच्या गावासारखं उरलं. पुढे चीनमधली मंगोल सत्ता १३६८ मध्ये संपली तेव्हा राजघराणं परत इकडे आलं, पण १३८८ मध्ये मिंग फौजांनी शहर उद्ध्वस्त केलं.

कासवाच्या पाठीला टेकून हे ऐकत होतो तेव्हा माझ्या मनात आलं, मिंगांनी येऊन भिंती पाडल्या खऱ्या, पण शहर संपलं होतं ते गाड्या थांबल्या तेव्हाच.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. १५८५ च्या सुमारास आबताई सैन खान या मंगोल सरदाराने त्याच जागी, पडक्या शहराचेच दगड वापरून, एर्देने झू हा बौद्ध मठ बांधला. 'एर्देने' शब्दाचं मूळ आपलं 'रत्न'. भिंतीचा चौकोन बाजूला सुमारे चारशे मीटर, आणि भिंतीवर ओळीने पांढरे स्तूप. १०८ म्हणतात. मोजायला निघालो, पण गुडघ्यांनी दुसऱ्या कोपऱ्यावरच नकार दिला. राजवाडा नक्की कुठे होता यावर विद्वानांचं बरंच खोदकाम झालं. १९४८-४९ मध्ये रशियन संशोधकांना एक भव्य चौथरा सापडला, तोच राजवाडा असं ठरलं. २००० नंतर जर्मन आणि मंगोल संशोधकांनी पुन्हा उत्खनन केलं, तेव्हा ते एक मोठं बौद्ध मंदिर निघालं. राजवाडा बहुधा मठाच्याच पोटात असावा. म्हणजे पन्नास वर्षं टॅली झालेली एंट्री चुकीची निघाली!

या मठानेही कमी सोसलं नाही. १९३० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने हजारो लामांना मारलं, देशभरचे मठ पाडले. इथे साठाहून जास्त देवळं होती. तीन मुख्य देवळं आणि थोडं काही वाचलं. मग त्याचं संग्रहालय झालं. १९९० मध्ये लोकशाही आली आणि पूजा पुन्हा सुरू झाली. त्या काळात आपले राजदूत म्हणून लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे तिथे होते. १९९० ते २००० अशी दहा वर्षं. स्वतः लामा असलेल्या या माणसाने तिथल्या लोकांना त्यांचा धर्म पुन्हा उभा करायला मदत केली. म्हाताऱ्या मंगोल माणसांना त्यांचं नाव सांगितलं तर ते हात जोडतात, हे मी पाहिलं.

आम्ही गेलो तेव्हा देवळात पाठ चालू होता. आठ-दहा लामा, त्यात दोन शाळकरी वयाची पोरं. एक पोर पेंगत होतं. शेजारच्या म्हाताऱ्या लामाने त्याला कोपराने ढोसलं आणि पोथीतल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. सगळ्या सहलीत मला सर्वांत जास्त लक्षात राहिलेलं दृश्य ते. साम्राज्याचं हेड ऑफिस जमिनीखाली गेलं आणि त्याच दगडांच्या आत ही पेंगणारी शाळा चालू आहे. कारण तिला चालायला पाचशे गाड्या लागत नाहीत. एक म्हातारा आणि एक पोर पुरतं.

परतीच्या वाटेवर गाईड मुलगी सौ.शी बोलत होती. तिचे आई-वडील गुरं-मेंढ्या राखतात. ही शिकायला राजधानीत आली ती तिथलीच झाली. त्या देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आता एकट्या उलानबातरमध्ये राहते. कडक हिवाळा आला की लाखोंनी जनावरं मरतात. ती आई-वडिलांना म्हणते, विका सगळं आणि या. ते म्हणतात, गेर हलवता येतो, पण शहरात नाही हलवणार. सौ. माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

आता घरचं बोलतो. गेल्या दिवाळीत पाडव्याला टोरांटोचा फोन आला नाही. ऑफिसचं काही काम निघालं होतं, दुसऱ्या दिवशी आला. पण त्या दिवशी आम्ही दोघं फराळाचं ताट पुढे घेऊन फोनकडे बघत बसलो होतो. सौ.ने चकली मोडली आणि तशीच ठेवून दिली. मला तेव्हा कळलं नाही, काराकोरमला कळलं. आमच्या घरात आठवड्याला एक गाडी येते, रविवारी संध्याकाळी. तिच्यावर आम्ही आठवडा काढतो. ती चुकली की दुष्काळ.

मुलगा चुकला असं मी म्हणत नाही. कुबलाईने राजधानी हलवली यात गैर काही नव्हतं, जिथे काम तिथे माणूस जाणार. आरिक बोके घरी राहिला हेही गैर नव्हतं. वाईट झालं ते दोघांच्या भांडणात. आणि दुसरी चूक, शहराने स्वतःचं असं काही पिकवलंच नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा पाणी टँकरचं होतं. दोन दिवस टँकर बंद पडले तेव्हा काय झालं ते आठवा. त्यानंतर आपण भांडत-भांडत का होईना वर्गणी काढली, गच्चीचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलं. आज मे महिन्यातही पूर्ण टँकरवर राहावं लागत नाही. पाण्याचं आपण केलं. माणसांचं केलं नाही. मी परवा बाकावर बसून बोटांवर मोजलं, चाळीसपैकी सतरा घरांत आता फक्त दोघं किंवा एकटं माणूस आहे. मागच्या पावसाळ्यात 'सी' विंगमध्ये आपल्या एक ताई न्हाणीघरात पडल्या. दार आतून बंद. दुसरी किल्ली कुणाकडे नाही. त्यांच्या मुलाने परदेशातून सेक्रेटरींना फोन केला तेव्हा आपल्याला कळलं, आणि आपण भिंतीपलीकडे! त्या बऱ्या झाल्या, आज इथे बसल्या आहेत, म्हणून त्यांची परवानगी घेऊन हे बोलतोय.

माझी सूचना साधी आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी घराची एक किल्ली आपल्या पसंतीच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. रात्री-अपरात्री गाडी काढू शकतील अशा पाच-सहा जणांची नावं आणि फोन नंबर प्रत्येक लिफ्टपाशी लावावेत. सकाळी आठपर्यंत बाहेरचं वर्तमानपत्र आत गेलं नसेल तर शेजाऱ्याने बेल वाजवावी. पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. ती बाहेरून येणारी गाडी नाही, इथलंच पीक आहे. वही समोरच्या टेबलावर ठेवली आहे.

चिरंजीवांनी परत आल्यावर विचारलंच, "मग, काय होतं तिथे?" मी म्हटलं, "एक कासव होतं आणि एक पेंगणारं पोर." तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "पुरेसं होतं. रविवारचा फोन मात्र चुकवू नकोस, आणि चुकला तर काळजी करू नकोस."

माझा अर्धा तास संपला. चहा तयार आहे, साखरेचा.

(ताजा कलम : स्मरणिका छापायला जाईपर्यंत वहीत चौदा घरांची नोंद झाली आहे. आमची किल्ली समोरच्या ब्लॉकमध्ये आहे आणि त्यांची आमच्याकडे, देवघराच्या खुंटीवर.)